आधी गळती बुजवायची

उपकेंद्राचा चार्ज घेशील त्या दिवशी रजिस्टरं नंतर बघ, आधी औषधाचं कपाट उघडून झिंकच्या गोळ्या मोज. ओआरएसची पाकिटं संपत आलेली आणि झिंकच्या पट्ट्या मात्र गठ्ठ्यानं तशाच पडलेल्या दिसल्या, तर समजून घे की त्या गावांत हगवणीवर अर्धंच औषध गेलंय. दोन्ही बरोबरीनं संपायला हवीत. मेळघाटात नवी एएनएम आली की तिला बाळंतपणाचं, लसीकरणाचं, मीटिंगांचं सगळे सांगतात. हे कुणी सांगत नाही, म्हणून आत्या सांगतेय. यातलं बरंचसं तुझ्या प्रशिक्षणाच्या वहीत असेलही. पण कधी काय द्यायचं आणि कधी हात आवरायचा, हे वहीत नुसतं वाचून अंगवळणी पडत नाही.

लेकरू बारीक दिसलं की शहरातून आलेला माणूस म्हणतो, यांना खायला नाही. खायला कमी आहे, खोटं नाही. १९९३ साली इथल्या बालमृत्यूंच्या बातम्या राज्यभर गाजल्या तेव्हापासून हेच ऐकतेय, आणि त्यावर गहू, तांदूळ, पाकिटं, योजना येतच राहिल्या. पण जून लागला की बघ. नाल्याचं गढूळ पाणी, ताप, जंत, हगवण, एकामागून एक. पोटात गेलेलं पोटात ठरत नाही. झिंक तर हगवणीवाटेच वाहून जातं. लोह हुकवर्म रक्तातून शोषतो, आणि मलेरिया तर रक्तपेशीच फोडतो. झिंक कमी झालं की आतड्याचं अस्तर लवकर भरून येत नाही, भूक मरते, आणि पुढची हगवण जास्त दिवस टिकते. लोहाचा साठा शरीर यकृतात थोडाफार करतं, झिंकसाठी तशी कोठीच नाही. रोज यावं लागतं. गळक्या घागरीत कितीही ओत, आधी भोक बुजवायला हवं. बाकी सगळं जे सांगणार आहे ते याच्याच भोवती आहे.

तर हगवण. लेकराला जुलाब सुरू झाले की पहिलं ओआरएस, त्याच दिवसापासून झिंक. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं २००४ साली दोन्ही जोडीनं द्यायला सांगितलं, आपल्याकडेही तोच नियम आहे: सहा महिन्यांवरच्या लेकराला रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, आणि चौदा दिवस. गोळी चमच्यात ठेवून वर थोडं पाणी सोड, आपोआप विरघळते. अंगावर पिणाऱ्या बाळासाठी आईचं दूध चमच्यात काढून त्यात विरघळव. चव धातूसारखी लागते, काही लेकरं ओकतात. पहिली गोळी तुझ्यासमोर दिली जाऊ दे, म्हणजे घरी गेल्यावर बाई घाबरून बंद करत नाही. रिकाम्या पोटी देऊ नको म्हणावं. २०२० साली दिल्ली आणि दार-ए-सलाममधल्या ४,५०० मुलांवरचा एक मोठा अभ्यास आला, त्यात ५ आणि १० मिलिग्रॅमच्या मात्रेनंही जुलाबावर तेवढंच काम केलं आणि उलट्या कमी झाल्या. हे ठाऊक असू दे. पण तुझ्या हातात पत्रक येत नाही तोवर मात्रा आपल्या मनानं बदलायची नाही.

खरी अडचण मात्रेची नसते, चौदा दिवसांची असते. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबतात आणि पट्टी कुडाच्या भिंतीत खोचली जाते. आईचं काय चुकतं? दुखणं संपलं की औषध संपलं, हे जगभरातल्या माणसाचं गणित आहे. तिला सांगायचं असं, की पहिल्या तीन गोळ्या या हगवणीच्या, उरलेल्या पुढच्या हगवणीच्या. हे नुसतं समजावणं नाही, चौदा दिवस पूर्ण केले तर पुढचे दोन-तीन महिने हगवण खरंच कमी येते. आणि 'चौदा दिवस' हा शब्द वापरू नकोस. 'दोन बाजार' म्हण. आज बाजार झाला, पुढचा बाजार, त्याच्या पुढचा बाजार, तोवर रोज एक. बाजाराचा दिवस कुणी चुकत नाही. दुसऱ्या बाजाराला रिकामी पट्टी घेऊन ये म्हणावं, आणि ती आली की आठवणीनं मागायची.

ओआरएसचं पाकीट एक लिटरचं असतं. घरात लिटर मोजायला काही नसतं म्हणून अर्ध्या तांब्यात अख्खं पाकीट जातं, आणि ते खारट, दाट पाणी लेकराला बाधतं. पाण्याची एक लिटरची प्लास्टिकची बाटली आता पाड्यापाड्यावर सापडते, ती स्वच्छ धुऊन तिनं मोजून दाखव. केलेलं पाणी चोवीस तासांनी फेकायचं. दोन वर्षांखालच्या लेकराला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप, चमच्याचमच्यानं. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू. अंगावरचं दूध एक वेळही बंद करायचं नाही. जेवणही नाही.

'दात येतात म्हणून हगवण लागली' हे तुला प्रत्येक गावात ऐकू येईल, अमरावतीच्या शिकल्या-सवरल्या घरांतही येईल. वाद घालू नको. दात येताना लेकरू हाताला लागेल ते तोंडात घालतं, त्यातून हगवण लागते, एवढं मान्य कर आणि चमचा हातात घे. पोट फुगलं म्हणून डाग दिलेला दिसेल, बिब्ब्याचे व्रण दिसतील. ते पाहून आवाज चढवलास तर पुढच्या वेळी लेकरू तुझ्यापर्यंत येणारच नाही. आधी भुमक्याकडे, गावच्या मंत्र-उपचार करणाऱ्याकडे, जाऊन बस. त्याचा मान गावात आहे, तुझा अजून व्हायचाय. लोखंड तापवू नका हे त्याला एकट्यात सांग, चारचौघांत नाही, आणि मंत्र म्हणायला आपली काही हरकत नाही; मंत्र झाला की लगेच पाकीट, एवढं ठरवून टाक. भुमक्यानं पाठवलेलं लेकरू आणि आशाताईनं आणलेलं लेकरू यात आशाताईचं लेकरू पुष्कळदा उशिरा येतं, हे मी पाहिलंय.

डोळे खोल गेलेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली जाते, लेकरू पीत नाही, संडासात रक्त आहे, किंवा हगवण चौदा दिवसांवर गेली, यांतलं काहीही दिसलं तर उपकेंद्रात वेळ घालवू नको. गाडी बोलव. आणि कुणाच्या सांगण्यावरून लहान लेकराला जुलाब बांधणारी गोळी देऊ नको. मोठ्या माणसांची ती गोळी किराणा दुकानातही मिळते, हे ध्यानात ठेव.

आता माती खाणारी लेकरं. चुलीची माती, पोतेऱ्याची पांढरी माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ. आई सांगेल, वाईट खोड आहे, मारलं तरी जात नाही. मारून जाणार नाहीच. नागपूरच्या एका प्रशिक्षणात बालरोगाच्या डॉक्टरांनी आम्हाला एक गोष्ट सांगितली होती, ती नंतर मी शोधून वाचली. डॉ. आनंद प्रसाद म्हणून बिहारमधल्या बक्सरचे, पाटण्यात डॉक्टरी शिकलेले. १९५८ साली ते इराणमधल्या शिराझला होते. तिथं त्यांच्याकडे एकवीस वर्षांचा एक तरुण आला, अंगानं जेमतेम दहा वर्षांच्या मुलाएवढा. वयात आल्याची एकही खूण नाही, रक्त कमी, यकृत-प्लीहा वाढलेली, आणि माती खाण्याची सवय. तसे आणखी सापडले. त्यांचं खाणं जवळजवळ नुसतं गव्हाच्या बिनआंबवलेल्या रोटीचं होतं. रक्त कमी ते लोहाअभावी, हे कळलं; पण उंची खुंटणं लोहानं उलगडेना. पुढं इजिप्तमध्ये तशाच मुलांवर काम करून त्यांनी दाखवलं की माणसालाही झिंक कमी पडू शकतं, आणि दिलं की पोरं वाढतात. तोवर झिंक ही झाडांची आणि जनावरांची गोष्ट समजली जायची. म्हणून माती खाणारं लेकरू दिसलं की त्याच्या पाठीत धपाटा घालणाऱ्या हाताला थांबव, पापण्या खाली ओढून बघ, हिमोग्लोबिन तपास, जंताची गोळी कधी झाली ते विचार. मातीतून पुन्हा जंतच जातात, म्हणजे गळती आणखी वाढते.

त्या रोटीत काय होतं, हे मात्र आपल्या स्वयंपाकघराशी नीट जुळवून घे. गहू, ज्वारी, मका, डाळी यांच्या दाण्यांत फायटेट नावाचा एक घटक असतो, तो झिंक आणि लोह दोन्हीला आवळून धरतो. पोटात जातं, पण अंगी लागत नाही. ही पकड सैल होते ती भिजवल्यानं, मोड आणल्यानं, आंबवल्यानं. आपल्या आज्या हे कुणी न शिकवता करत होत्या. मटकी-मुगाला मोड, नाचणीची आंबील, रात्रभर भिजवून, मोड आणून, वाळवून दळलेलं सत्त्व. मेळघाटात कोदो, कुटकी, सावा होतं; रेशनचा गहू-तांदूळ आल्यापासून आणि सोयाबीन पेरायला लागल्यापासून ते मागं पडलं. मी जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतली नाही, कोदोही न भिजवता रांधला तर त्यातही तेच फायटेट आहे. सांगायचं ते एवढंच, की हातात जे धान्य-कडधान्य आहे ते भिजू दे. मूठभर मूग रात्री भिजवून फडक्यात बांधायला पैसे लागत नाहीत.

आणि अंगी सगळ्यात चांगलं लागतं ते प्राण्यांचं. खेकडे, ओढ्यातले बारीक मासे, अंडं, कोंबडी, कलेजी. इथला कोरकू आदिवासी शाकाहारी नाही, मग आपल्या पोषणाच्या भिंतपत्रकांवर नुसती गाजरं आणि पालक कशाला, हे मला कधी कळलं नाही. पावसाळ्यात पोरं नाल्यातून खेकडे धरतात. त्यांचं मऊ मांस आणि रस्सा वर्षाच्या लेकराच्या भातात कालवून द्यायला सांग, काटा-कवच नीट काढून. अंगणवाडीत अमृत आहाराचं अंडं येतं ते लेकराच्या तोंडात जातं की घरच्या मोठ्यांच्या, हे अंगणवाडीच्या ताईला विचारत राहा. मांस न खाणाऱ्या घरांत तीळ, कारळ्याची चटणी, लाल भोपळ्याच्या बिया, फुटाणे. भोपळ्याच्या बिया लोक फेकतात, त्या वाळवून, भाजून, कुटून ठेवल्या की लेकराच्या कशावरही भुरभुरता येतात. वर लिंबू पिळलं, आवळा किंवा पेरू दिला, तर धान्या-भाजीतलं लोह जास्त घेतलं जातं.

याच्या नेमकं उलट काम कोरा चहा करतो. वर्षा-दीड वर्षाच्या लेकराच्या हातात सकाळी चहाचा कप आणि बटर, हे तुला रोज दिसेल. चहा लोहाला बांधतो, वर भूक मारतो. एकदम बंद करा म्हटलं तर कुणी ऐकणार नाही. चहा जेवणानंतर तास-दोन तासांनी, आणि लेकराला नाहीच, इथपासून सुरुवात कर.

लोहाचं मात्र सावकाश ऐक. इथंच चांगल्या हेतूनं नुकसान होतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर सिरप, त्यात २० मिलिग्रॅम लोह. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी, वयात आलेल्यांना निळी, गरोदर बाईला रोज लाल. हे वाटप चांगलं आहे, करायचंच. पण तापलेल्या लेकराला नाही. हगवण, न्यूमोनिया, मलेरिया चालू असताना नाही. बरं झालं की पुन्हा सुरू. कारण लोह फक्त लेकरालाच लागतं असं नाही, जंतूंनाही लागतं. ताप आला की शरीर आपण होऊन रक्तातलं लोह आत दडवतं, जंतूंच्या हाती लागू नये म्हणून. आपण तेव्हाच वरून ओतायला जायचं नाही.

हे पुस्तकी वाटत असेल तर पेंबाचं ऐक. झांझिबारजवळचं ते बेट, मलेरिया बारमाही. तिथं लहान मुलांना रोज लोह आणि फॉलिक ॲसिड देऊन पाहिलं, आणि ते मध्येच थांबवावं लागलं. लोह मिळालेल्या मुलांत गंभीर आजारपण आणि मृत्यू सुमारे १२ टक्क्यांनी जास्त निघाले. २००६ साली हे छापून आलं तेव्हा जगभर खळबळ झाली. पण त्याच अभ्यासाचा दुसरा भाग लोक विसरतात: जिथं मुलांची मलेरियाची तपासणी आणि उपचार नीट होत होते, तिथं लोहाची कमतरता असलेल्या मुलांना लोहाचा फायदाच झाला. म्हणून भ्यायचं नाही, क्रम पाळायचा. ताप दिसला की आधी बोटातून रक्त घेऊन मलेरियाचं किट लाव. मच्छरदाणी झोपायला वापरतात की मासे धरायला, तेही घरात जाऊन बघ.

अतिकुपोषित लेकराचं तर आणखी जपून. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली, किंवा दोन्ही पायांवर सूज, म्हणजे सॅम. ते फिकट पांढरं दिसतं आणि कुणालाही वाटतं, आधी रक्त वाढवू. नाही. सुरुवातीचे दिवस त्याला लोह देत नाहीत. जंतुसंसर्ग आटोक्यात येतो, भूक परत येते, वजन चढायला लागतं, मगच, साधारण दुसऱ्या आठवड्यापासून. हे काम पोषण पुनर्वसन केंद्रात डॉक्टरांच्या हाताखाली होतं. तुझं काम त्याला तिथं पोचवणं आणि मागं घरी राहिलेल्या दोन लेकरांची सोय बघणं, कारण आई केंद्रातून तिसऱ्या दिवशी पळून येते ती बहुतेक त्यांच्यासाठीच. पट्टी मात्र दर महिन्याला प्रत्येक दंडाभोवती गेली पाहिजे. वजनकाटा डोंगर चढून नेववत नाही असं कुणी म्हणेल. पट्टीला तीही सबब नाही.

सिकलसेलचं विसरू नको. विदर्भाच्या आदिवासी भागांत हा आजार आहेच. लेकरू वारंवार पिवळं दिसतं, लहानपणी हाता-पायांचे पंजे सुजतात, सांधे दुखून रात्र रात्र रडतं, आणि हिमोग्लोबिन कमी. अशाला लोहावर लोह दिलं, त्यात वर रक्त चढवणं झालं, तर लोह अंगात साचून यकृताला, हृदयाला इजा करतं. त्याला फॉलिक ॲसिड हवं असतं, लोह डॉक्टरांनी कमतरता तपासून सांगितलं तरच. रक्त तीन महिने गोळ्या खाऊनही वाढत नसेल तर गोळ्यांची पट्टी बदलू नको, सोल्युबिलिटी टेस्टसाठी पाठव.

जंताच्या गोळीचं थोडक्यात. फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या दहा तारखेला मोहीम असते. एक ते दोन वर्षांपर्यंत अर्धी, पुढं पूर्ण, लहानग्यांना चुरून पाण्यातून. आजारी लेकराला त्या दिवशी नाही. हुकवर्म अनवाणी पायातून शिरतो, म्हणून चपला. चपला घेण्याइतके पैसे कोणत्या महिन्यात हातात असतात, तेही बघून बोलावं.

लोहाची पहिली ठेव बाळाला जन्मतानाच मिळते, आणि ती तुझ्या हातात असते. बाळ बाहेर आलं, रडलं, की नाळ कापायची घाई करायची नाही. एक ते तीन मिनिटं थांब. तेवढ्यात वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि पुढच्या सहा महिन्यांची शिदोरी भरते. आम्ही शिकलो तेव्हा लगेच चिमटा लावून कापायचं शिकवलं जायचं. आता ते बदललंय, तरी जुन्या हातांना घाई सुटत नाही, मग हाताखालच्या बाईला हळूच थांबव. चीक फेकू देऊ नको. आणि सहा महिने झाले की ठेव संपत आलेली असते, तेव्हा उष्टावण वेळेवर. इथं कित्येक लेकरं वर्षाची होईपर्यंत नुसत्या अंगावरच्या दुधावर असतात, कारण आई रानात आणि सांभाळणारी आठ वर्षांची बहीण. त्या बहिणीला शिकव. भात कसा मऊ करायचा, चमच्यापूर्वी हात कसे धुवायचे, सगळं. ती आईपेक्षा लवकर शिकते.

मिठाबद्दल लोकांना वाटतं, पाकिटावर आयोडीन लिहिलंय म्हणजे झालं. समुद्रापासून दूर, पावसानं धुऊन निघणाऱ्या डोंगराळ मातीत आयोडीन कमी असतं, मग तिथल्या धान्या-भाजीतही कमी. १९५६ पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन दाखवलं की गलगंड ओसरतात. त्यावरच १९६२ साली देशाचा कार्यक्रम उभा राहिला. गळ्याची गाठ दिसते म्हणून तिची चर्चा होते. खरा तोटा दिसत नाही: गरोदरपणी आईला आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ कायमची मागं राहते, आणि ती नंतर कोणत्याही मिठानं भरून येत नाही. म्हणून मिठाची चौकशी नवीन लग्न झालेल्या सुनेच्या घरापासून सुरू कर. कारखान्यात जास्त घालून घरात पोचेपर्यंत निदान १५ पीपीएम उरावं असा हिशोब आहे. कारण वाटेत ते उडतं. फाटलेलं पाकीट चुलीच्या वळचणीला, ओलं झालं की मीठ धुऊन घेणं, फोडणीतच मीठ टाकणं, यात जातं. झाकणाची बरणी, चुलीपासून लांब, आणि भाजी उतरवताना मीठ. गुरांसाठी आणलेलं खडे मीठ माणसाच्या भाजीत जात नाही ना, तेही बघ. आशाताईकडे तपासणीचं किट असतं. थेंब टाकला की मीठ जांभळं होतं. आईच्या देखत टाक, बघायला सगळं घर गोळा होतं.

कुणी तुला सेलेनियमचं विचारेल. मोबाईलवर हल्ली सगळ्याच क्षारांच्या जाहिराती येतात. चीनच्या ईशान्येला केशान नावाचा जिल्हा आहे; १९३५ साली तिथं लहान मुलांना आणि बायकांना हृदयाच्या स्नायूंचा एक आजार झाला आणि आजाराला त्या जिल्ह्याचंच नाव पडलं. मातीत सेलेनियम फार कमी. सत्तरच्या दशकात गोळ्या दिल्या आणि आजार झपाट्यानं उतरला. पण तो ठरावीक ऋतूंत वाढायचा, म्हणजे एकटं सेलेनियम नव्हे, त्यात विषाणूही होता. पुढं अमेरिकेत उंदरांवर दिसलं की सेलेनियम कमी असलेल्या अंगात एक निरुपद्रवी विषाणू बदलून घातक होतो, आणि मग चांगल्या पोसलेल्या उंदरालाही आजारी पाडतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. एका घरातलं खंगलेलं लेकरू हा शेजारच्या घराचाही प्रश्न आहे. पण म्हणून मेळघाटात सेलेनियमच्या गोळ्या वाटायला निघू नको. पंजाबात होशियारपूर-नवांशहरकडे काही जमिनींत सेलेनियम इतकं जास्त आहे की तिथं त्याचाच त्रास. झिंकही महिनोन्महिने देत राहिलं तर तांबं शोषू देत नाही. आणि आपल्याच यवतमाळ, चंद्रपूरकडे काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, तिथं मुलांचे दात डागाळतात. कमी की जास्त, हे त्या त्या गावचं पाणी आणि माती ठरवते.

दिवाळी झाली की पाडे रिकामे होतात. वीटभट्टीवर, उसावर, धरणाच्या कामावर माणसं जातात ती फागुनाला परततात, आणि त्या महिन्यांत तुझ्या रजिस्टरला लेकरू 'बाहेरगावी' दिसतं. निघायच्या आठवड्यात घरोघर जा. ओआरएसची दोन-तीन पाकिटं, झिंकची पूर्ण पट्टी, लसीकरणाचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत. लोहाचं सिरप द्यायचं तर आईला समोर मोजून द्यायला लावून, ताप आल्यावर बंद, एवढं तिच्या तोंडून दोनदा वदवून घे. परतल्यावर पहिल्या आठवड्यात पट्टी दंडाला. जाताना पट्टीच्या हिरव्या रंगात असलेलं लेकरू लाल रंगात आलेलं सापडतं.

मे संपायच्या आत चार महिन्यांचा साठा डोंगरावर चढलेला असू दे. पुलावरून पाणी गेलं की आठ-आठ दिवस गाडी येत नाही. साठा मागताना ओआरएसच्या पाकिटामागे झिंकच्या किती गोळ्या हे मोजून मागणीपत्रात लिही. नुसतं 'झिंक' लिहिलं की जे उरलंय ते येतं. मुदतीची तारीख बघून जुन्या पट्ट्या पुढं लाव. लोहाच्या सिरपच्या बाटलीवर उघडल्याची तारीख खडूनं नको, पेनानं.

आणि लाल गोळ्यांचं एक. गरोदर बाईच्या लोहाच्या गोळ्यांना साखरेचं चकचकीत आवरण असतं, रांगत्या लेकराला त्या पिपरमिंट वाटतात. मूठभर खाल्ल्या तर लेकरू रक्त ओकतं, बेशुद्ध पडतं, जिवावर बेततं. असं झालं तर झोपवून बघत बसायचं नाही, थेट धारणीच्या रुग्णालयात न्यायचं, रिकामं पाकीट सोबत घेऊन. पाकीट देताना ते घरात कुठं ठेवणार ते विचारू नको, आत जाऊन बघ. आढ्याला टांगलेलं शिंकं असेल तर उत्तम. मिठाची बरणीही त्याच शिंक्यात चालेल, फक्त शिंकं बरोबर चुलीच्या वर टांगलेलं नसावं.